पेटीवर विष्ठेचे डाग आणि रांगणाऱ्या माश्या: नोसेमावर औषध द्यायच्या आधीचे आणि नंतरचे काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मधमाश्यांच्या दोन पेट्यांच्या दर्शनी फळीवर आणि चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर पिवळट-तपकिरी विष्ठेचे ओघळ आहेत. दारासमोर काही माश्या उडता न आल्याने रांगत आहेत. शेजारच्या पेट्या भरत चालल्या असताना या दोन महिनाभर जिथल्या तिथेच आहेत. हा नोसेमाच (मधमाश्यांच्या आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा रोग) असेल तर पाकातून कोणते औषध द्यायचे आणि किती?

औषधाकडे मी येतो, पण त्याआधी तीन गोष्टी सुट्या कराव्या लागतील. हा नोसेमा आहे का? असेल तर नुकसान करण्याइतका आहे का? आणि औषध दिल्यावर रोग पसरवणारे बीजाणू कुठे शिल्लक राहणार? बहुतेक लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला हात न लावता औषध देतात आणि पुढच्या वर्षी त्याच पेटीत तोच रोग पुन्हा दिसतो.

विष्ठेच्या डागांपासून सुरुवात करू. डाग म्हणजे हगवण, आणि हगवण हे लक्षण आहे, रोग नव्हे. थंडी किंवा संततधार पाऊस यामुळे माश्या बरेच दिवस पेटीत अडकल्या, तर पोटात साठलेला मल त्या शेवटी आतच टाकतात. आंबलेला पाक, गूळ किंवा शुद्ध न केलेली साखर, मावा किड्यांच्या गोड स्रावापासून बनलेला गडद मध, लिंबू किंवा आम्ल घालून उकळलेला पाक यांनीही हगवण लागते. आम्ल आणि उष्णतेमुळे साखरेपासून एचएमएफ नावाचे रसायन तयार होते आणि ते माश्यांच्या आतड्याला बाधते. त्यामुळे गेल्या काही आठवड्यांत काय खाऊ घातले, हे आधी आठवून पाहा. उलट बाजूही लक्षात ठेवा. नोसेमाच्या दोन प्रजाती पाळीव माश्यांत आढळतात. नोसेमा एपिस जुनी ओळखीची, १९०९ मध्ये वर्णन झालेली. नोसेमा सेराने १९९६ मध्ये आशियाई मधमाशीत, म्हणजे आपण सातेरी म्हणतो त्या जातीत, वर्णिली गेली आणि नंतर मेलिफेरा या युरोपीय मधमाशीतही सर्वदूर सापडली. (२०२० पासून शास्त्रज्ञ दोन्हींना व्हायरिमॉर्फा या वंशात धरतात. बाटल्यांवर आणि बोलण्यात अजून नोसेमाच चालते.) डाग पडतात ते प्रामुख्याने एपिसच्या बाबतीत. सेरानेची लागण झालेली पेटी बाहेरून स्वच्छ असू शकते आणि आतून रिकामी होत जाते.

रांगणाऱ्या माश्यांचेही तसेच. एका दिवसात दारासमोर मेलेल्या माश्यांचा खच पडला आणि त्यांच्या सोंडा बाहेर आलेल्या असतील, तर कीटकनाशकाचा संशय घ्या. माश्या काळ्या, केस गळलेल्या, तेलकट दिसत असतील आणि थरथरत असतील, तर तो बहुधा विषाणूजन्य दीर्घकालीन पक्षाघात. पंख चुरगळलेले असतील तर व्हरोआ माइट, म्हणजे माश्यांच्या अंगावर जगणारा परजीवी कोळीवर्गीय जीव. नोसेमाचा ऱ्हास संथ असतो. अंडी-अळ्या ठीक दिसतात, साठा असतो, पण माश्यांची संख्या वाढत नाही. बाहेर गेलेल्या माश्या परत येत नाहीत, म्हणून प्रेतेही फारशी सापडत नाहीत.

हे असे का होते ते समजले की पुढचे सगळे उपाय आपोआप उलगडतात. नोसेमा हा बुरशीच्या जवळचा सूक्ष्म परजीवी आहे. माशी विष्ठा साफ करताना किंवा दुसऱ्या माशीकडून अन्न घेताना बीजाणू गिळते. मध्यांत्रात पोचल्यावर बीजाणूतून एक बारीक नळी सुटते, ती आतड्याच्या पेशीत घुसते आणि बीजाणूतला जिवंत अंश त्या पेशीत उतरतो. काही दिवसांत पेशी नव्या बीजाणूंनी भरते, फुटते आणि बीजाणू विष्ठेतून बाहेर पडतात. एका माशीत ते काही कोटींवर जातात. अन्न नीट पचत नाही, तरुण माश्यांच्या डोक्यातल्या राजान्न तयार करणाऱ्या ग्रंथी खुरटतात, म्हणून अळ्यांना पुरेसे खाणे मिळत नाही. माशी वेळेआधीच चरायला बाहेर पडते आणि लवकर मरते. मात्र कोषातून नुकतीच बाहेर आलेली माशी निरोगी असते. तिला लागण होते ती पेटीत असलेल्या बीजाणूंमुळे. म्हणजे ही निरोगी माश्या जन्माला येण्याचा वेग आणि पेटीतली घाण यांच्यातली शर्यत आहे. औषध या शर्यतीत थोडी उसंत देते, पण निकाल ठरतो तो राणी, परागकण आणि पोळ्यांची स्वच्छता यांच्यावर.

आता तपासणी. झटपट अंदाज घ्यायचा तर चरून परतणाऱ्या दहा-बारा माश्या पकडून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा. मेलेल्या माशीचे डोके काढा, छातीचा भाग एका हाताने धरा आणि चिमट्याने पोटाचे शेवटचे टोक हळूच ओढा. पूर्ण आतडे बाहेर येते. निरोगी मध्यांत्र बदामी-तपकिरी असते आणि त्यावर वळ्या स्पष्ट दिसतात. जोराची लागण असेल तर ते फुगलेले, पांढुरके आणि वळ्या पुसलेले दिसते. पांढरे आतडे दिसले तर संशय पक्का करायला हरकत नाही, पण तपकिरी दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. सुरुवातीची लागण असे डोळ्यांना दिसत नाही, आणि सेरानेत तर बऱ्याचदा शेवटपर्यंत दिसत नाही.

खरा निर्णय सूक्ष्मदर्शकावर होतो आणि ४०० पट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक त्याला पुरतो. नमुना कुठून घेता यावर सगळे अवलंबून आहे. पिल्लांच्या पोळ्यावरून माश्या घेतल्या तर त्यात कोवळ्या माश्याच जास्त येतात आणि आकडा फसवा, कमी येतो. दार दहा मिनिटे फोमच्या पट्टीने बंद करा आणि परतून दारावर जमलेल्या माश्या घ्या. ते जमत नसेल तर पिल्लांपासून दूरच्या, कडेच्या पोळ्यावरच्या घ्या. प्रत्येक पेटीतून ६० माश्या. हा आकडा उगाच नाही: पेटीतल्या शंभरातल्या पाचच माश्या बाधित असल्या तरी ६० च्या नमुन्यात त्यातली किमान एक सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. लगेच तपासणार नसाल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.

६० माश्यांची पोटे काढून ६० मिलि पाण्यात, म्हणजे माशीमागे १ मिलि, खलात चांगली कुटा आणि पातळ कापडातून गाळा. गाळलेले पाणी हलवून त्याचा थेंब रक्तपेशी मोजायच्या हिमोसायटोमीटर काचेवर घाला आणि दोन-तीन मिनिटे बसू द्या. सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश थोडा कमी करा, नाहीतर बीजाणू पार धुऊन गेल्यासारखे दिसतात. ते तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, चकचकीत आणि काळसर कडेचे असतात, साधारण ५ ते ६ मायक्रॉन लांब. सगळे जवळपास एकाच आकाराचे, ही त्यांची खूण. यीस्टच्या पेशी लहान-मोठ्या असतात आणि काहींना कोंब फुटलेला दिसतो. परागकण कितीतरी मोठे असतात. पूर्ण गोल कोष दिसले तर ते माश्यांच्या उत्सर्जक नलिकांत राहणाऱ्या अमीबाचे असू शकतात. तो अनेकदा नोसेमाच्या जोडीने सापडतो, आणि त्याच्यावर औषध नसले तरी पोळी बदलण्याचा उपाय दोघांना लागू पडतो. एपिस की सेराने हे साध्या सूक्ष्मदर्शकावर खात्रीने सांगता येत नाही, त्याला पीसीआर ही प्रयोगशाळेतली जनुकीय चाचणी लागते. पेटीवरचे तुमचे काम त्यामुळे फारसे बदलत नाही. एका ठिकाणी बदलते, ते पुढे सांगतो.

काचेच्या मधल्या चौरसात २५ मोठे चौकोन असतात आणि प्रत्येकात १६ लहान. चार कोपऱ्यांतले आणि मधला असे पाच मोठे चौकोन मोजा. एकूण आलेला आकडा गुणिले ५०,००० म्हणजे माशीमागे बीजाणू. उदाहरणार्थ ३४ मोजले तर माशीमागे १७ लाख. पूर्वापार चालत आलेला ढोबळ उंबरठा १० लाखांचा आहे, म्हणजे पाच चौकोनांत २०.

या उंबरठ्याला मी आंधळेपणाने मान देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका. एकट्या जबर बाधित माशीत ३ कोटी बीजाणू असू शकतात. तेव्हा सरासरी १० लाख याचा अर्थ साठातल्या दोनच माश्या आजारी असाही होतो, आणि साठच्या साठ थोड्या थोड्या बाधित असाही. पहिल्या पेटीला काही करायची गरज नाही, दुसरीला आहे. म्हणून आकडा उंबरठ्याच्या आसपास आला तर त्याच पेटीतल्या आणखी २५ माश्या एकेक करून तपासा. मोजू नका, फक्त आहे की नाही एवढे लिहा. २५ पैकी तीन-चार बाधित असतील तर मी वाट पाहतो. निम्म्याच्या वर असतील तर हात घालतो. दुसरा भाग ऋतूचा. भरपूर परागकण येत असताना आणि राणी जोमात अंडी घालत असताना १५ लाख हा आकडा बहुतेक वेळा आपोआप उतरतो. तोच आकडा टंचाईच्या किंवा माश्या कोंडून राहण्याच्या लांब काळाच्या तोंडावर आला तर थांबू नये. आणि आकड्याची आणखी एक गंमत: परागकण भरपूर मिळालेल्या माश्यांत बीजाणू जास्त सापडूनही त्या जास्त जगतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. म्हणून परागकण दिल्यावर आकडा चढला तर घाबरू नका, पेटीतली माश्यांनी झाकलेली पोळी मोजा.

याच दिवशी व्हरोआही तपासा. अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या अल्कोहोलमध्ये हलवून माइट मोजा. नऊ किंवा जास्त निघाले तर तुमची मुख्य अडचण तीच आहे आणि नोसेमा मागाहून आलेला पाहुणा आहे.

आता औषध. नोसेमावर परिणाम सिद्ध झालेले औषध एकच: फ्युमागिलिन, ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीपासून मिळणारे प्रतिजैविक, १९५० च्या दशकापासून वापरात. सगळीकडे त्याला परवानगी नाही. युरोपीय संघात मधमाश्यांसाठी त्याला मान्यता नाही. तुमच्याकडे परवानगी आहे का हे आधी पाहा, नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. नेहमीचे प्रमाण लिटरभर पाकाला सुमारे २५ मिलिग्रॅम सक्रिय घटक असे असते. डब्यातल्या पावडरीचे वजन म्हणजे सक्रिय घटक नव्हे. प्रचलित पावडरीत तो ग्रॅममागे २१ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणून लेबलवरचे प्रमाण वाचून हिशेब करा. पावडर आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा आणि मगच गार झालेल्या पाकात मिसळा. उकळत्या पाकात घातली तर औषध वाया जाते. उन्हातही ते निकामी होते, म्हणून पाकपात्र झाकलेले हवे आणि पाक लागेल तेवढाच, ताजा. मधकक्ष चढवलेले असताना कधीच नाही, आणि मधाचा हंगाम सुरू होण्याच्या किमान चार आठवडे आधी बंद.

औषध फसते ते दोन कारणांनी. पहिले, ते वाढत्या परजीवीला रोखते, बीजाणूंना हात लावत नाही. माश्या सुधारतात, पोळ्यांवरची विष्ठा तशीच राहते आणि औषध संपताच लागण पुन्हा सुरू होते. दुसरे, अशक्त पेटी पाक घेतच नाही, किंवा घेतला तर साठवून ठेवते आणि औषध हळूहळू विरळ होत जाते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिंजऱ्यातल्या प्रयोगांत औषधाचे प्रमाण अगदी कमी झाल्यावर सेरानेचे बीजाणू औषध न मिळालेल्या माश्यांपेक्षाही वाढलेले दिसले. म्हणून 'खबरदारी म्हणून थोडेसे' ही पद्धत सर्वांत वाईट. द्यायचे तर पूर्ण मात्रा, नाहीतर नाही.

टेट्रासायक्लिन देऊ नका. तो फाउलब्रूड या अळ्यांच्या जिवाणूजन्य रोगावरचा उपाय आहे, नोसेमावर त्याचा उपयोग नाही, आणि आतड्यातले उपकारक जिवाणू मात्र तो मारतो. व्हिनेगर, लसूण, निरनिराळे अर्क यांबद्दल विश्वास ठेवावा असे मला काही दिसलेले नाही. थायमॉलचे निकाल त्यातल्या त्यात बरे आहेत, पण पेटी वाचवायला ते पुरेसे नाहीत.

मी ज्यावर भर देतो ते काम पोळी बदलण्याचे. जोमदार पेटी असती तर सगळ्या माश्या एकदम नव्या मेणपत्र्यांवर झटकून टाकता आल्या असत्या. तुमच्या पेट्या अशक्त आहेत, त्यांना तो धक्का सोसणार नाही. त्यांच्यासाठी सावकाश पद्धत अशी. हवामान उघडे असताना आणि परागकण येत असताना जुन्या पेटीवर स्वच्छ कक्ष ठेवा. त्यात माश्या झाकू शकतील तेवढीच स्वच्छ पोळी द्या, चार तर चार, आणि दोन्ही बाजूंना डमी फळ्या लावून जागा आवळा. खालच्या कक्षातली पिल्ले नसलेली पोळी काढून घ्या आणि तिथेही जागा आवळा. वरून एकास एक साखर-पाण्याचा पाक चालू ठेवा. आठवड्याभरात राणी वर येऊन अंडी घालू लागते. न आल्यास तिला तिच्या पोळ्यासह वर घ्या. राणी वर असल्याची खात्री करून मध्ये राणीरोधक जाळी ठेवा, जाळीच्या वर नवे दार उघडा आणि खालचे बंद करा. तिथून २१ दिवसांत खालची सगळी कामकरी पिल्ले बाहेर पडतात. मग खालचा कक्ष आणि तळपाट काढा आणि वरचा कक्ष स्वच्छ तळपाटावर ठेवा. जुनी पोळी वितळवा. घाई करून २१ दिवसांच्या आत खालचा कक्ष उचलला तर नेमक्या ज्या निरोगी माश्यांसाठी हा खटाटोप केला त्याच जातात.

सातेरीच्या पेट्या असतील तर एवढी ढवळाढवळ करू नका, त्या पेटी सोडून निघून जातात. तिथे एका वेळी एक किंवा दोन पोळी, कडेकडून, काही आठवड्यांत मिळून बदला.

रिकामी, चांगली पोळी टाकवत नसतील तर निर्जंतुक करा. ८० टक्के ॲसिटिक ॲसिडची वाफ हा भरवशाचा मार्ग. १०० टक्क्यांचे ॲसिड असेल तर चार भाग ॲसिडला एक भाग पाणी, आणि ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. कक्ष एकावर एक रचा, प्रत्येकाच्या चौकटींवर शोषक कापडाची घडी ठेवून तिच्यावर सुमारे १५० मिलि ओता, सांधे चिकटपट्टीने बंद करा आणि उबदार हवेत आठवडाभर ठेवा. वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते, म्हणून घडी वरच हवी. धातूचे भाग आधी काढा, सिमेंटच्या फरशीवर रचू नका, ती खाल्ली जाते. हातमोजे, चष्मा, मोकळी जागा, आसपास आग नाही. नंतर पोळी आठवडा-दोन आठवडे वाऱ्यावर ठेवूनच पेटीत द्या. यातून अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू मरत नाहीत, त्या रोगाचा संशय असलेली पोळी जाळावीत.

प्रजातीमुळे फरक पडतो तो इथे. सेरानेचे बीजाणू गोठण्याला कमकुवत असतात, एपिसचे तग धरतात. उलट ४९ अंश सेल्सिअसला २४ तास कोरडी पोळी तापवण्याची जुनी पद्धत एपिसवर चालते, सेरानेचे बीजाणू उष्णता बरीच सोसतात. कोणती प्रजाती माहीत नसेल तर फ्रीजर आणि तापवणे दोन्ही सोडा आणि ॲसिड वापरा. लाकडी कक्ष खरवडून ब्लो-टॉर्चने फिकट तपकिरी होईपर्यंत शेकले की झाले.

राणीचे काय? तिलाही लागण होते आणि मग अंडी कमी होतात. पोळी बदलूनही तीन-चार आठवड्यांत अंड्यांचा पसारा वाढला नाही तर राणी बदला. नवी राणी पिंजऱ्यातून येते तेव्हा तिच्याबरोबरच्या सेविका माश्या काढून टाका. बीजाणू बऱ्याचदा त्यांच्याबरोबरच येतात.

एवढे झाल्यावर रोजच्या सवयी उरतात. दर वर्षी दहापैकी तीन जुनी, काळी पोळी काढा. तपासताना माश्या चिरडू नका, चिरडलेल्या माशीचे पोट इतर माश्या चाटून साफ करतात आणि तेच रोगाचे जेवण ठरते. उघड्यावर पाक ठेवू नका. पाणी वाहते किंवा रोज बदललेले हवे आणि माश्यांच्या उड्डाणमार्गाखाली नको, नाहीतर विष्ठा त्यातच पडते. पेट्या सकाळचे ऊन येईल अशा कोरड्या, वारा खेळणाऱ्या जागी थोड्या पुढे झुकवून ठेवा. अशक्त बाधित पेटी निरोगी पेटीत मिसळू नका. मूठभर माश्या उरल्या असतील तर ती पेटी बंद करून साहित्य निर्जंतुक करणे शहाणपणाचे.

दोन्ही पेट्यांचा नमुना औषध किंवा पोळी बदलण्याआधी घ्या आणि खालचा कक्ष काढल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा घ्या. त्याआधी घेतला तर जुन्या, आधीच बाधित माश्याच मोजल्या जातात आणि उपाय फसला असे वाटते. शेजारच्या ठीक दिसणाऱ्या एका पेटीचाही नमुना दोन्ही वेळा घ्या. तिचा आकडा या दोन पेट्यांइतकाच निघाला, तर वाढ खुंटण्याचे कारण नोसेमात नव्हे तर राणीत, व्हरोआत किंवा खाण्यात शोधावे लागेल.